एकच इंटरनेट कनेक्शन दोन कॉम्प्युटरवर कसं वापरायचं?

केबलवाल्याची वायर थेट कॉम्प्युटरला लावलेली आहे, युझरनेम-पासवर्ड टाकला की नेट चालू होतं, आणि आता घरात दुसरा कॉम्प्युटर आलाय. दुसरं कनेक्शन घ्यायची गरज नाही. फक्त वाटणी कोण करणार, ते ठरवावं लागतं.

आधी एक गैरसमज दूर करू. साधा स्विच आणून त्यात ती वायर आणि दोन्ही कॉम्प्युटर जोडले, की झालं असं अनेकांना वाटतं. पण घरगुती कनेक्शनला साधारणपणे एका वेळी एकच आयपी ॲड्रेस मिळतो, त्यामुळे बहुतेक वेळा एक कॉम्प्युटर चालतो आणि दुसरा नुसता बघत बसतो. मध्ये 'नॅट' करणारं कोणीतरी लागतं. ते आतल्या कॉम्प्युटरना खासगी पत्ते देतं, बाहेर मात्र एकच पत्ता दाखवतं, आणि आलेलं उत्तर कोणाचं हे पोर्ट नंबरवरून ओळखतं.

हे काम विंडोजसुद्धा करतं. नेटवर्क कनेक्शन्समध्ये ज्या कनेक्शनवरून नेट येतं त्यावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा आणि शेअरिंग टॅबमधल्या पहिल्या चौकोनात टिक करा. पहिल्या कॉम्प्युटरला दुसरं लॅन कार्ड हवं. त्याला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता मिळतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर आयपी 'ऑटोमॅटिक' ठेवायचा, बस्स.

मी बरेच महिने असंच चालवलं. मग एके दिवशी मुलीची ऑनलाइन परीक्षा चालू असताना माझ्या कॉम्प्युटरने अपडेटसाठी रीस्टार्ट घेतला. तो चालू होऊन कोणीतरी डायल करेपर्यंत तिला नेट नाही, आणि डायल करणारा मी आंघोळीला! उरलेला पेपर तिने मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिला. त्याच संध्याकाळी राउटर आणला. या पद्धतीत पहिला कॉम्प्युटर बंद म्हणजे दुसऱ्याचंही नेट बंद, म्हणून तात्पुरती सोय एवढाच तिचा उपयोग.

राउटरला केबलवाल्याची वायर वॅन पोर्टमध्ये लावा (हा पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचा असतो) आणि कॉम्प्युटर लॅन पोर्टमध्ये. राउटरच्या खाली चिकटवलेला पत्ता, बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, ब्राउझरमध्ये उघडा. कनेक्शनचा प्रकार 'पीपीपीओई' निवडून तेच युझरनेम-पासवर्ड भरा. आता कॉम्प्युटरवरून डायल करायचं नाही, ते राउटर करतो.

सगळं बरोबर भरूनही नेट येत नसेल तर केबलवाल्याने तुमच्या जुन्या कॉम्प्युटरचा मॅक ॲड्रेस बांधून ठेवलेला असू शकतो. बरेच जण इथेच अडकतात आणि राउटर खराब आहे म्हणून परत करतात. अशा वेळी जुना कॉम्प्युटर जोडून राउटरमधला 'मॅक क्लोन' पर्याय वापरा, किंवा केबलवाल्याला फोन करून नवा मॅक नोंदवून घ्या.

फायबरवाल्यांना यातलं काहीच करावं लागत नाही. त्यांच्या डब्यातच बहुधा राउटर असतो, मोकळ्या लॅन पोर्टमध्ये वायर लावली की काम झालं.

स्पीड निम्मा होतो का? दोघे एकदम मोठं काही डाउनलोड करत असतील तेव्हाच वाटणी जाणवते. एकजण नुसता वाचत असेल तर दुसऱ्याला जवळपास पूर्ण स्पीड मिळतो.