साक्ष आणि पुरावा : 'एसिॲक' काढ्याच्या इतिहासातील वृद्ध स्त्रिया

कर्करोग-चिकित्सेचा इतिहास बहुधा शस्त्रक्रिया, रेडियम आणि औषधे या क्रमाने लिहिला जातो. त्याच काळात रुग्ण आपल्या घरी काय घेत होते, याची नोंद त्यात क्वचितच आढळते. उतारवयातील स्त्रियांनी डॉक्टरी उपचारांच्या जोडीने घेतलेले काढे व लेप हा विषय तर भोळसर समजुतीच्या सदरात टाकून देण्याचाच प्रघात आहे. हा प्रघात इतिहासाच्या दृष्टीने कितपत ग्राह्य आहे, हे कॅनडातील 'एसिॲक' या काढ्याच्या उदाहरणावरून तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या काढ्याचा उगम एका वृद्धेच्या कथनात आहे. ऑन्टॅरिओ प्रांताच्या उत्तर भागातील हेलिबरी येथे १९२२ साली रीन केस (१८८८-१९७८) या परिचारिकेला सुमारे ऐंशी वर्षांची एक रुग्णस्त्री भेटली. तिच्या स्तनावर जुने व्रण होते. सुमारे तीस वर्षांपूर्वी आपणास कर्करोग झाला असता टोरांटोच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली. परंतु जवळ पैसा नव्हता, आणि तशाच शस्त्रक्रियेनंतर एक मैत्रीण दगावलेली पाहिली होती. म्हणून एका मूळनिवासी वैद्याचा काढा घेतला, असे तिने सांगितले. ही हकीकत आपणास केवळ केस यांच्या पुढील लेखनातून उपलब्ध आहे. वृद्धेचे नाव तीत नाही, वैद्याचेही नाही. रोगनिदानाचा स्वतंत्र आधारही नाही.

केस यांनी आपल्या आडनावाची रोमन अक्षरे उलट क्रमाने लावून काढ्याला 'एसिॲक' हे नाव दिले. बर्डॉकचे मूळ, चुक्याच्या जातीतील शीप सॉरेल, स्लिपरी एल्म वृक्षाची अंतर्साल आणि रेवाचिनीचे मूळ हे त्याचे प्रसिद्ध घटक होत. त्यांनी प्रथम ज्यांच्यावर उपचार केले त्यांत त्यांची मावशी होती, आणि तो उपचार एका डॉक्टरांच्या संमतीने झाला. १९२६ साली आठ डॉक्टरांनी केस यांना संशोधनाची सोय मिळावी म्हणून सरकारकडे अर्ज केला. पुढे ब्रेसब्रिज गावाने एक जुनी हॉटेलची इमारत महिना एक डॉलर भाड्याने दिली व तेथे दवाखाना सुरू झाला. १९३८ साली केस यांना उपचाराची मोकळीक देणारे विधेयक प्रांतिक विधिमंडळात अवघ्या तीन मतांनी नापास झाले.

त्यानंतर प्रांतिक सरकारने नेमलेल्या कर्करोग आयोगाने १९३९ साली साक्षी घेतल्या. केस यांच्या पक्षाच्या म्हणण्यानुसार ३८७ रुग्ण उपस्थित होते व त्यांपैकी ४९ जणांचेच ऐकून घेण्यात आले. आयोगाचा निर्णय प्रतिकूल झाला. काही रुग्णांचे मूळ निदानच त्याला मान्य झाले नाही. अन्य काहींची सुधारणा त्याने पूर्वी झालेल्या शस्त्रक्रियेला अथवा रेडियमच्या उपचाराला दिली. केस यांनी काढ्याचे सूत्र उघड करण्यास नकार दिला होता, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

औषधाच्या गुणाचा प्रश्न विचारला, तर आयोगाची तर्कपद्धती योग्यच म्हणावी लागेल. निदान अनिश्चित असता आणि दोन उपचार एकामागून एक झाले असता गुण कोणाचा, हे रुग्णाच्या शब्दावरून ठरविता येत नाही. तथापि, ज्या कारणास्तव आयोगाने या साक्षी बाजूला सारल्या, तेच कारण सामाजिक इतिहासकाराला मोलाचे आहे. पूर्वी शस्त्रक्रिया वा रेडियम घेतलेले रुग्ण ब्रेसब्रिजला येत होते, याचा अर्थ त्यांनी डॉक्टरांकडे पाठ फिरविली नव्हती. एका उपचाराला दुसऱ्याची जोड दिली होती. उलट हेलिबरीच्या वृद्धेने शस्त्रक्रियेच्या जागीच काढा घेतला, आणि त्यामागे दारिद्र्य व भीती ही दोन कारणे तिने स्वतःच सांगितली. आज ज्यांना आपण पूरक आणि पर्यायी म्हणतो, त्या दोन वाटा एकाच काढ्याच्या इतिहासात अशा शेजारी शेजारी आहेत. यांतील दुसरी वाट जीवावर बेतू शकते. म्हणून त्यांची गल्लत करणे हे केवळ शास्त्रीय प्रमाद नव्हे.

१९७७ साली एका स्त्रियांच्या मासिकातील लेखामुळे एसिॲकला पुन्हा प्रसिद्धी मिळाली. १९८२ साली केंद्रीय आरोग्य खात्याच्या परीक्षणात त्याचा स्पष्ट लाभ आढळला नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑन्टॅरिओतील स्तनाच्या कर्करोगाच्या ५१० स्त्रियांची पाहणी होती. काढ्यामुळे जीवनमान वा मनःस्थिती सुधारल्याचे तीत दिसले नाही. तरीही घेणाऱ्यांपैकी अनेकींनी आपणास गुण आल्याचे सांगितले. त्यांना काढ्याची माहिती बहुधा मैत्रिणींकडून मिळाली होती. शिवाय काढा घेणाऱ्या स्त्रिया तुलनेने तरुण होत्या व त्यांचा रोग अधिक पुढे गेलेला होता. असे उपचार म्हणजे म्हातारपणाचा भाबडेपणा, ही कल्पना येथे टिकत नाही. वयापेक्षा रोगाची अवस्था अधिक बोलकी ठरते.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष मर्यादित आहे. 'मी बरी झाले' या वाक्यावरून औषधाचा गुण सिद्ध होत नाही. परंतु 'मला शस्त्रक्रियेची भीती वाटली', 'पैसा नव्हता', 'मैत्रिणीने सांगितले' ही वाक्ये बोलणारीच्या निर्णयाविषयी प्रथम प्रतीचा पुरावा होत. एसिॲकच्या समर्थकांनी पहिल्या वाक्याला नको तितके महत्त्व दिले. विरोधकांनी त्याच्यासोबत उरलेली वाक्येही टाकून दिली. आपल्याकडील रुग्णालयांचे जुने कागद अथवा घरोघरच्या आठवणी अभ्यासताना संशोधकाने ही चूक टाळली पाहिजे. रोगी स्त्रीला तिच्या औषधाविषयी विचारताना, तिने ते का घेतले आणि डॉक्टरांना ते सांगितले होते काय, हे दोन प्रश्न टिपणवहीत सर्वांत वर असावेत.