कॅसलरॉक आणि एकेचाळीस नंबरचं शीर्ष

कुळें सोडलं की गाडी दूधसागरचा घाट चढू लागते. बोगद्यामागून बोगदे येतात, खिडकीतून पाणी की धुकं ते कळेनासं होतं, आणि मग कॅसलरॉक येतं. गोवा संपला, जोयडा तालुका लागला. माझं आजोळ जोयड्याकडचं. लहानपणी दर मे महिन्यात मला एकच प्रश्न पडायचा, की जंगलातल्या एवढ्याशा गावाला एवढं ऐसपैस स्टेशन हवं कशाला? आजोबा सांगायचे, "अरे, ही सरहद्द होती. पलीकडे पाखल्यांचं राज्य." इथे प्रवाशांच्या ट्रंका उघडल्या जायच्या, तशा तिकडे कुळ्यालाही. नाकेबंदी झाली आणि १९५५ साली ही गाडीच बंद पडली.

ट्रंका उघडणारे दिसत. ज्यांचं काम कान देऊन ऐकणं ते दिसत नसत. पलीकडे सालाझारची 'पिडे' होती, म्हणजे राज्याच्या रक्षणाच्या नावाखाली माणसं उचलणारे गुप्त पोलीस. १९४५ साली ती लिस्बनमध्ये स्थापन झाली आणि पुढच्या दशकात तिची सावली गोव्यावरही पडली. अलीकडे आपला इंटेलिजन्स ब्युरो, ज्याचं मूळ इंग्रजांनी १८८७ साली काढलेल्या खात्यात आहे. मी पडलो कारकून माणूस. हेरगिरीच्या गोष्टींपेक्षा मला वेगळीच उत्सुकता. यांचा पगार कुठल्या शीर्षाखाली पडत असेल? आणि तो मंजूर करणाऱ्या सभेत कुणी उठून "काय करता हो या पैशांचं?" असं विचारत असेल का?

पोर्तुगालचं उत्तर सोपं आहे. तिथे राष्ट्रीय सभा होती, तिच्यात गोव्याचे प्रतिनिधीही बसत. बाणावलीचे शास्त्रज्ञ डॉ. फ्रोइलानो द मेलो १९४५ साली तिथे निवडून गेले आणि गोव्याच्या हक्कांबद्दल बोललेही. पण त्या सभेत विरोधी पक्षाचा एकही सभासद नसे. पिडेला जाब विचारणार कोण?

आपल्या बाजूचं उत्तर मात्र जरा थांबून बघण्यासारखं आहे. आजचा जोयडा म्हणजे तेव्हाचा सुपा. (जुनं सुपा गाव आता काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली आहे.) १८६२ पासून १९५६ पर्यंत उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणजे इथल्या पोलिसांचा खर्च मुंबईच्या विधिमंडळापुढे यायचा. १९१९ च्या सुधारणा कायद्यात पोलीस हे 'राखीव' खातं. कौन्सिलने मागणी नाकारली किंवा कापली, तरी गव्हर्नर 'हा खर्च आवश्यक आहे' असा दाखला देऊन ती रक्कम पुन्हा भरू शकत असे. पुढे १९३५ चा कायदा आला आणि १९३७ साली मुंबईत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ बसलं. गृहखातं कन्हैयालाल मुन्शींकडे. आता तरी पोलिसांच्या गुप्त फायली लोकांनी निवडलेल्या मंत्र्यासमोर उघडतील असं वाटेल. पण त्याच कायद्यात ५८ वं कलम बसवलेलं होतं. सरकार उलथवण्याच्या कटांविषयी पोलिसांना ज्यांच्याकडून बातमी मिळते, त्यांचा ठावठिकाणा सांगणारे कागद गव्हर्नरच्या हुकमाशिवाय पोलीस दलाबाहेरच्या कुणालाही द्यायचे नाहीत. 'कुणालाही' या शब्दात गृहमंत्रीही आला! कालपर्यंत ज्यांच्यावर पाळत होती ते आज खुर्चीवर बसणार, आपलं नाव कुणी दिलं ते शोधणार, ही इंग्रजांची भीती उघड आहे. ती अगदीच खोटी होती असंही मी म्हणणार नाही. खबऱ्याचा जीव हा काही विनोदाचा विषय नव्हे.

पण इंग्रज गेले, गव्हर्नरचा तो अधिकार गेला, आणि सवय तेवढी राहिली.

आमच्या हिशेबाच्या दुनियेत प्रत्येक खर्चाला एक आकडी नाव असतं. केंद्राच्या यादीत वर्षानुवर्षं १ म्हणजे पगार, १३ म्हणजे कार्यालयीन खर्च, आणि ४१ म्हणजे 'गुप्त सेवा खर्च'. तेराखाली टाचण्यांचा डबा घेतला तरी पावती लागते. एकदा माझ्या प्रवासभत्त्याच्या बिलावर चौऱ्याऐंशी रुपयांसाठी तीनदा आक्षेप आला होता. एकेचाळीसची रीत निराळी. नेमलेला अधिकारी वर्षाकाठी दाखला देतो की रक्कम ज्या कामासाठी होती त्याच कामावर खर्च झाली, आणि लेखापरीक्षक तो दाखला मान्य करून पान उलटतो. खबऱ्याकडून पावती घ्यायची नसते, हे मलाही कळतं. पण एका माणसाला दिलेले पाचशे रुपये आणि एका अख्ख्या संस्थेचा कारभार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाकताना आपण दुसरीवरही पांघरूण घातलं.

इंटेलिजन्स ब्युरोची एकूण रक्कम गृहखात्याच्या 'पोलीस' या मागणीत छापलेली असते, एका ओळीत. 'रॉ'ची तर तशी वेगळी ओळही नसते. ती १९६८ साली मंत्रिमंडळ सचिवालयात सुरू झाली, तीही संसदेच्या कायद्याशिवाय. १९८५ चा एक कायदा आहे खरा, पण तो या संस्थांतल्या नोकरांनी संघटना करू नये, वर्तमानपत्रांकडे जाऊ नये यासाठी! (आम्हां युनियनवाल्यांना हे वाचून हसावं की रडावं कळत नाही.) ब्युरोचेच निवृत्त अधिकारी आर. एन. कुलकर्णी यांनी २०१२ साली कर्नाटक उच्च न्यायालयात विचारलं, की या खात्याला कायद्याचा आधार कोणता? सरकारने सातव्या अनुसूचीतल्या नोंदीकडे बोट दाखवलं. पण ती नोंद संसदेला कायदा करण्याची मुभा देते, ती स्वतः कायदा नव्हे.

न विचारल्याने काय होतं ते आणीबाणीत दिसलं. ब्युरो राजकीय विरोधकांच्या आणि स्वकीयांच्याही मागे लावला गेला, हे शहा आयोगाने नोंदवून ठेवलं आहे. तरी पुढे काही हललं नाही. उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी २०१० साली काव स्मृती व्याख्यानात, म्हणजे 'रॉ'च्याच अंगणात, संसदीय समितीची गरज बोलून दाखवली. २०११ साली मनीष तिवारींनी खाजगी विधेयक आणलं, ते मार्गी लागलं नाही. संसदेची देखरेख आणि महालेखापालांचं परीक्षण मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली फेटाळली.

आणि पोर्तुगाल? ज्यांच्या पोलिसांनी आमच्या गोवेकरांना कोठडीत तुडवलं तोच देश. २५ एप्रिल १९७४ ला तिथे क्रांती झाली, पिडेची वारस संस्था बरखास्त झाली. दहा वर्षं त्यांनी नवी नागरी गुप्तहेर संस्था उभारायची हिंमतच केली नाही. मग १९८४ साली कायदा केला, आणि संस्था उभी राहण्याआधी तिच्यावर नजर ठेवणारं मंडळ त्यात लिहून टाकलं. तीन माणसं, संसदेने दोन तृतीयांश मतांनी निवडायची. म्हणजे सत्तेतल्या पक्षाला विरोधकांशी जमवून घेतल्याशिवाय सहसा गत्यंतर नाही. पिडेचं दप्तर १९९४ पासून लिस्बनच्या तोर्रे दु तोंबु अभिलेखागारात अभ्यासकांना उघडं आहे.

गेल्या पावसात आजोळी जाताना गाडी कॅसलरॉकला बराच वेळ थांबली. फलाटावर एकजण चहा विकत होता, सिग्नल पडत नव्हता. आजोबांची पाखल्यांची गोष्ट आठवत होती. त्यांच्या बाजूचे कागद मी उद्या लिस्बनला जाऊन मागू शकतो. आमच्या बाजूने याच सरहद्दीवर कान लावून बसलेल्यांचे कागद मागायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला, तर कायद्याचं २४ वं कलम आणि दुसरी अनुसूची आडवी येते. अपवादांच्या त्या यादीत इंटेलिजन्स ब्युरो अगदी पहिल्या क्रमांकावर आहे.