माशांच्या टाकीचं विरजण

विरजणाशिवाय दही लागत नाही, हे मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नाही. दही संपलं तर वाटी घेऊन शेजारी जायचं आणि चमचाभर मागून आणायचं. नवा गोबरगॅस लवकर सुरू व्हावा म्हणून शेतकरीसुद्धा चालू गोबरगॅसमधली स्लरी आणून ओततात. माशांच्या टाकीलाही असंच विरजण लागतं हे मात्र मला सत्तरी उलटल्यावर कळलं. त्यामागचा इतिहास वाचला तेव्हा तर फारच गंमत वाटली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी टाकीत घडतं काय ते सांगतो. मासे कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर पडते. हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे नव्या टाकीतलं पाणी आरशासारखं नितळ असतं आणि त्याच नितळ पाण्यात मासे मरतात! जुन्या टाकीत मात्र फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर सूक्ष्म जंतूंचा बुळबुळीत थर बसलेला असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी, अधूनमधून थोडं पाणी बदललं की भागतं. दही एका रात्रीत लागतं, पण हे जंतू फार सावकाश वाढतात. आपोआप बस्तान बसायचं तर महिना-दीड महिना सहज जातो.

आता इतिहास. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. १८५० च्या सुमारास त्यांनी काचेच्या पात्रात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून पाणी न बदलता ते जगवून दाखवले. वनस्पती प्राणवायू देतात, गोगलगाई कुजलेली पानं खातात, असा त्यांचा हिशोब होता. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. आपल्याकडे मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय आलं ते १९५१ मध्ये.

वॉरिंग्टन यांच्या हिशोबात जंतू नव्हते. ते सापडले दुसऱ्याच वाटेने. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ हे दोघे सांडपाणी शुद्ध कसं होतं ते पाहत होते. त्यांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरून वरून सांडपाणी सोडलं. पहिले वीस दिवस काहीच घडलं नाही, मग अमोनियाचं नायट्रेट होऊ लागलं. नुसती रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम थांबलं. वाफ बंद केली, तरी ते पुन्हा सुरू होईना. शेवटी थोडी माती पाण्यात कालवून ते पाणी वरून ओतलं आणि थोड्याच दिवसांत नायट्रेट परत दिसू लागलं. विरजणच की हे!

हाच धागा इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेत एका संशोधकाने पुढे नेला. त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. मासे पाळणाऱ्या त्या रसायनशास्त्रज्ञाचाच मुलगा! अमोनियाच्या ताज्या द्रावणात चिमूटभर माती किंवा आधीच्या द्रावणाचा अंश टाकला की क्रिया सुरू होते, हे त्याने दाखवलं. अमोनियापासून नायट्राइट आणि त्यापासून नायट्रेट, असे दोन टप्पेही त्याने ओळखले. वडील १८६७ मध्येच वारले होते. त्यांच्या पात्रात जे न दिसता राबत होते, त्यांचा माग मुलाने काढला तो मातीत. ते जंतू वेगळे काढण्याचं श्रेय मात्र १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाला मिळालं.

पाठ्यपुस्तकात आम्ही नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही दोन नावं शिकवली. पण गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइटचं काम बहुतेक नायट्रोस्पायरा करतात असं १९९८ मध्ये दिसून आलं. दोन्ही टप्पे एकटीच पार पाडणारी नायट्रोस्पायरा २०१५ मध्ये सापडली. तिचा शोध लावणाऱ्या दोन गटांपैकी एकाला ती मिळाली मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये!

हे सगळं वाचायला कारण झाली माझी नात. तिच्या वाढदिवसाला टाकी आणली. 'उद्याच मासे सोडा' असं दुकानदाराने सांगितलं होतं. दहा दिवसांत पाचांतले चार गोल्डफिश गेले आणि पाचवा पाठोपाठ. "आजोबा, पाणी तर किती स्वच्छ होतं!" ती म्हणाली, आणि मला उत्तर देता येईना.

हडपसरला माझ्या पुतण्याकडे जुनी टाकी आहे. त्याने तिच्यात एक जादा स्पंज महिनाभर चालू ठेवला. मग तो त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून डब्यातून दौंडच्या गाडीने केडगावला आणला. वाळला किंवा बंद डब्यात फार वेळ कोंडला तर जंतू मरतात, म्हणून उतरल्याबरोबर तो नव्या फिल्टरमध्ये घातला. यावेळी मासे दोनच सोडले आणि पाणी रोज तपासलं. तिसऱ्या महिन्यात पाच झाले. नातीने सगळ्यांना नावं ठेवली आहेत.

विरजण घेताना भांडं बघून घ्यावं, हेही सांगितलं पाहिजे. रोगट टाकीतला स्पंज आणला तर रोगही येतो. आणि स्पंज क्लोरीनच्या नळाखाली घासूपुसून चकचकीत केला तर विरजणच वाहून जातं. तो टाकीतल्याच पाण्यात हलका पिळावा. वीज बराच वेळ गेली तरी जंतू गुदमरतात. आमच्या बाजूला हा अनुभव नवा नाही.

आमच्या वेळी नवी शाळा काढली की संस्था जुन्या शाळेतले दोन शिक्षक तिकडे पाठवायची. इमारत नवी, बाकं नवी, फळाही नवा असायचा. शाळा मात्र सुरू व्हायची ती त्या दोघांमुळे. हे आम्हाला ठाऊक होतं. वाळूच्या नळीत आणि माशांच्या टाकीतही तेच चालतं हे ठाऊक नव्हतं, इतकंच.

असो. आमच्या टाकीत आता एक जादा स्पंज टाकून ठेवला आहे. केडगावात कुणी नवी टाकी घेणार असेल तर दुकानात जाण्याआधी डबा घेऊन घरी यावं.