बिछडी : गाळ, विहिरी आणि खटला

उदयपूर जिल्ह्यातील बिछडी या गावाच्या पर्यावरणीय इतिहासात वर्षभरही न टिकलेल्या एका उत्पादनाला जेवढे महत्त्व आले, तेवढे तेथे दीर्घकाळ चाललेल्या कोणत्याही उद्योगाला आले नसावे. फेब्रुवारी १९८८ मध्ये 'सिल्व्हर केमिकल्स'ने येथे एच-आम्लाचे, म्हणजे नॅप्थलीनपासून तयार होणाऱ्या आणि कापडाच्या रंगांसाठी लागणाऱ्या मध्यवर्ती रसायनाचे, उत्पादन सुरू केले. या प्रक्रियेत क्षपणासाठी लोखंडाचा चुरा आणि आम्ल शमविण्यासाठी चुना वापरला जात असल्याने लोहयुक्त व जिप्समयुक्त असा दोन प्रकारचा गाळ मागे उरतो. बिछडीत सुमारे ३७५ टन माल निघाला, तर गाळ साचला सुमारे २,४४० टन.

हा गाळ उघड्यावर टाकला गेला आणि त्यातील विषारी द्रव्ये पावसाच्या पाण्याबरोबर झिरपत भूजलधारक थरापर्यंत, म्हणजे विहिरींना पाणी पुरविणाऱ्या सच्छिद्र खडकापर्यंत, पोहोचली. विहिरींचे पाणी काळपट झाले, ते माणसांना तर नाहीच, पण गुरांना आणि पिकांनाही चालेना. ग्रामस्थांच्या उद्रेकामुळे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना १४४ कलम लावावे लागले आणि जानेवारी १९८९ मध्ये उत्पादन थांबले. हानी मात्र थांबली नाही, कारण तिचे कारण यंत्रात नसून जमिनीवर पडून होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याने गाळ सुरक्षित साठविण्याचा आदेश दिल्यावर त्याचा काही भागच खड्ड्यांत बंदिस्त झाला. उरलेला पसरून त्यावर माती लोटण्यात आली. हा केवळ हलगर्जीपणा मानणे कठीण आहे, कारण मातीत मिसळलेला गाळ मोजता येत नाही आणि वेगळाही काढता येत नाही.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, केलेल्या पाहणीत सुमारे ३५० हेक्टर जमीन दूषित आढळली. त्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ रोजी, प्रदूषण करणाऱ्यानेच निवारणाचा खर्च सोसावा, हे तत्त्व लागू केले. निवारणाची रक्कम पुढे ३७.३८५ कोटी रुपये ठरली, परंतु अर्जामागून अर्ज येत राहिल्याने वसुली लांबली. अखेर जुलै २०११ मध्ये, अंतिम निकालानंतर पंधरा वर्षे खटला मुद्दाम जिवंत ठेवल्याचे नोंदवून न्यायालयाने या रकमेवर ४ नोव्हेंबर १९९७ पासून दरसाल बारा टक्के चक्रवाढ व्याज आणि वेगळा दहा लाख रुपयांचा खर्च लादला.