पहिल्या ओळीतली दोन चिन्हं

पायथनची किंवा शेलची स्क्रिप्ट उघडली, की बऱ्याचदा पहिली ओळ हॅश आणि उद्गारचिन्हाने सुरू होते: #!. पुढे एखाद्या प्रोग्रॅमचा पत्ता असतो. शिकवताना ही ओळ ‘लिहायचीच असते’ एवढं सांगून लोक पुढे सरकतात. मला मात्र ती फार महत्त्वाची वाटते. कम्प्युटरवर कशाला ‘खरा प्रोग्रॅम’ म्हणायचं, हे या दोन चिन्हांनी बदलून टाकलं.

रोजच्या कमांड एका फाईलमध्ये लिहून ठेवायच्या आणि एका दमात चालवायच्या, ही कल्पना साठच्या दशकातली. एमआयटीच्या सीटीएसएस या यंत्रणेसाठी लुई पूझँ यांनी ‘रनकॉम’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. रनकॉम म्हणजे ‘रन कमांड्स’. आजही ‘.बॅशआरसी’ फाईलच्या नावातलं ‘आरसी’ तिथूनच आलेलं आहे. कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमला ‘शेल’ हे नावही पूझँ यांचंच.

पुढे बेल लॅब्समध्ये युनिक्स घडलं. 1979 मध्ये त्याची सातवी आवृत्ती आली, तेव्हा तिथे प्रोग्रॅमच्या दोन जाती होत्या. सी भाषेत लिहून यंत्राच्या भाषेत उतरवलेल्या फाईलच्या सुरुवातीला एक ठरावीक आकडा असे. तो पाहून कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, ती फाईल चालवायला घेई. स्क्रिप्ट म्हणजे साधा मजकूर. तो आकडा तिच्याकडे कुठून येणार? कर्नल तिला नकार देई. मग शेल समजून घेई की ही फाईल आपलीच असावी, आणि स्वतः ती वाचायला बसे.

यात अडचणी होत्या. शेलऐवजी दुसऱ्या प्रोग्रॅमने थेट कर्नलकडे स्क्रिप्ट चालवायला दिली, तर ती चालत नसे. चालू कामांच्या यादीत स्क्रिप्टचं नाव न दिसता शेलचं दिसे. शिवाय शेलही आता एकच उरला नव्हता. बेल लॅब्समध्ये स्टीफन बॉर्न यांचा शेल होता, तर बर्कलेमध्ये बिल जॉय यांचा सी-शेल. दोघांचं व्याकरण वेगळं. सी-शेल अंदाज बांधे: फाईलचं पहिलं अक्षर # असेल तर ती आपली, नसेल तर बॉर्न शेलची.

10 जानेवारी 1980 रोजी डेनिस रिची यांनी एका ईमेलने कर्नलमधला बदल कळवला. फाईल #! ने सुरू होत असेल, तर त्या ओळीतलं पुढचं नाव म्हणजे ती फाईल वाचणारा प्रोग्रॅम, अर्थात इंटरप्रिटर. कर्नलने तो सुरू करायचा आणि फाईल त्याच्या हाती द्यायची. शेलमध्ये # नंतरचा मजकूर म्हणजे टिपण, त्यामुळे तो ही ओळ ओलांडून पुढे जाई. रिचींनी पाच फायदे मांडले होते. शेवटचा असा, की इतर इंटरप्रिटरही यंत्रणेत सहज सामावले जातील.

माझ्या मते सगळ्यात दूरवर गेला तो हाच पाचवा फायदा. लॅरी वॉल यांची पर्ल 1987 मध्ये आली आणि गिदो व्हान रॉसम यांची पायथन 1991 मध्ये. त्यांच्यासाठी कर्नलला नवं काही शिकवावं लागलं नाही. कर्नलकडे भाषांची यादीच नव्हती. कोणाला बोलवायचं ते फाईलच सांगत होती. साध्या मजकुराची फाईल प्रोग्रॅम म्हणून सी प्रोग्रॅमच्या शेजारी, त्याच्या बरोबरीने उभी राहिली.

पाचांतला एक फायदा मात्र अंगाशी आला. स्क्रिप्टला तिच्या मालकाचे अधिकार देऊन चालवता येईल, असं रिचींनी म्हटलं होतं. पण कर्नलने फाईल पाहिल्यावर आणि इंटरप्रिटरने ती उघडण्याआधी कुणी मधल्या मध्ये फाईल बदलली तर? म्हणून लिनक्स आज स्क्रिप्टसाठी ही सवलत मानत नाही.

पत्त्याचाही घोळ आहे. पायथन प्रत्येक मशीनवर एकाच जागी नसतो, म्हणून थेट त्याचा पत्ता देण्याऐवजी लोक ‘/यूएसआर/बिन/एन्व्ह’कडून त्याला शोधून घेतात (फाईलमध्ये हे अर्थात रोमन लिपीत). अँड्रॉइड फोनवर तर ‘/यूएसआर/बिन’ हा फोल्डरच नसतो. टर्मक्स वापरणाऱ्यांना हे माहीत असेल. त्यात ही पहिली ओळ दुरुस्त करायची वेगळी कमांडच आहे.

मराठीत मजकूर लिहिणाऱ्यांशी या ओळीचा आणखी जवळचा संबंध आहे. कर्नल फाईलचे अगदी पहिले दोन बाइट पाहतो. विंडोजचं नोटपॅड कित्येक वर्षं यूटीएफ-8 फाईलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट घालत असे. देवनागरी असलेली अशी स्क्रिप्ट लिनक्सवर नेली, की डोळ्यांना #! पहिलं दिसे, पण कर्नलला ते दिसत नसे. पायथन 2 मध्ये तर देवनागरी अक्षरं वापरायची तर एन्कोडिंग जाहीर करावं लागे. ते पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीत चाले, कारण पहिली जागा #! ने आधीच अडवलेली असायची. 2008 च्या पायथन 3 ने ही कटकट संपवली.

गंमत अशी, की युनिक्ससारख्या यंत्रणांचं अधिकृत मानक असलेल्या पोझिक्सने #! चा अर्थ ठरवून दिलेला नाही. तरीही जावास्क्रिप्ट, जिच्यात # ने टिपण सुरूच होत नाही, तिने 2023 च्या मानकात ही ओळ आपल्या व्याकरणात घेतली. रिचींच्या ईमेलला तेव्हा 43 वर्षं झाली होती.