स्ट्रासबर्ग : दोन भाषांचे नगर

ऱ्हाइन नदीच्या पश्चिम तीरावर, आल्सास प्रांतात, स्ट्रासबर्ग हे प्राचीन नगर वसले आहे. फ्रेंच लोक त्यास स्त्रासबूर म्हणतात, जर्मन लोक श्ट्रासबुर्क म्हणतात आणि तेथील जुने रहिवासी आपल्या बोलीत श्ट्रोसबुरी म्हणतात. उच्चार तीन असले तरी नावाचा अर्थ एकच : रस्त्यावरचा गड. रस्त्यालगत घर बांधणाऱ्यास वाटसरूंचा शेजार जसा लाभतो, तसाच फौजांचाही सोसावा लागतो. या नगरास दोन्ही लाभले.

गेल्या वर्षी स्वित्झर्लंडमधील बाझलहून मोटारीने उत्तरेकडे जात असता या नगरात आमचा सहकुटुंब एक मुक्काम पडला. बरोबरच्या मुलांचे सारे लक्ष कॅथेड्रलमधील त्या प्रसिद्ध घड्याळाकडे होते. दुपारी साडेबारा वाजता त्यातून येशूच्या बारा शिष्यांच्या मूर्ती फेरी धरतात. आमचे लक्ष मात्र गल्ल्यांच्या नावांच्या पाट्यांनी वेधून घेतले. जुन्या पेठेतील पुष्कळ पाट्यांवर दोन नावे आहेत. एक फ्रेंच, दुसरे आल्सासी. गोव्याच्या किंवा बेळगावच्या माणसास दोन भाषांची पाटी दिसली की त्याचे पाऊल क्षणभर अडते. अशा पाटीमागे बहुधा एखादा जुना तंटा आणि एखादा नवा समेट असतो, हे त्यास सांगावे लागत नाही. स्ट्रासबर्गच्या पाट्यांमागे असा कोणता इतिहास आहे, तो वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

या इतिहासाचा आरंभ एका शपथेने करणे योग्य होईल. शार्लमेन बादशहाच्या नातवांत राज्याच्या वाटणीवरून कलह माजला, तेव्हा लुडविग आणि चार्ल्स हे दोघे भाऊ तिसरा भाऊ लोथार याच्याविरुद्ध एक झाले. १४ फेब्रुवारी ८४२ रोजी स्ट्रासबर्ग येथे आपापल्या सैन्यांसमक्ष त्यांनी परस्परांस साह्य करण्याची शपथ घेतली. पूर्वेकडील लुडविगचे सैनिक जर्मन बोलीचे. पश्चिमेकडील चार्ल्सचे सैनिक लॅटिनपासून निघालेल्या बोलीचे. लुडविगने शपथ घेतली ती चार्ल्सच्या लोकांच्या बोलीत, आणि चार्ल्सने घेतली ती लुडविगच्या लोकांच्या बोलीत. वचन ज्यास द्यावयाचे, त्यास ते समजले पाहिजे, एवढा साधा हेतू त्यामागे होता. या दोघांचा आप्त नितार्ड याने ती वाक्ये जशीच्या तशी लिहून ठेवली. फ्रेंच भाषेच्या पूर्वरूपाचा सर्वांत जुना लेख म्हणून भाषाशास्त्रज्ञ आज त्यांचा अभ्यास करतात. करारशास्त्राच्या दृष्टीनेही तो लेख थोर आहे. आपल्याच भाषेत दिलेले वचन पुढे हवे तसे वळविता येते. दुसऱ्याच्या भाषेत दिलेले वचन त्याच्या हाती पुरावा म्हणून राहते.

पुढील काही शतके हे नगर जर्मन साम्राज्यात होते. १२६२ साली नागरिकांनी आपल्या बिशपच्या फौजेचा पराभव केला आणि नगराचा कारभार स्वतःच्या हाती घेतला. गुलाबी दगडाच्या कॅथेड्रलचे १४२ मीटर उंचीचे शिखर १४३९ साली पूर्ण झाले. दुसरे शिखर कधी बांधलेच गेले नाही. त्याच वर्षी येथील न्यायसभेपुढे एक दिवाणी दावा चालला. प्रतिवादी होता योहान गुटेनबर्ग. आखेनच्या यात्रेकरूंसाठी आरसे बनविण्याच्या धंद्यात त्याचा एक भागीदार मृत्यू पावला होता, आणि मृताचे भाऊ भागीदारीत जागा मागत होते. निकाल गुटेनबर्गच्या बाजूने लागला. त्या दाव्यातील साक्षीत एका दाबयंत्राचा आणि छपाईशी संबंधित कामाचा ओझरता उल्लेख येतो. मूळ कागद आता उरले नाहीत, परंतु त्यांच्या नकलांवरून मुद्रणकलेच्या आरंभाचा माग काढणाऱ्या विद्वानांस भागीदारीच्या त्या भांडणाचे ऋण मान्य करावे लागते.

३० सप्टेंबर १६८१ रोजी फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने हे नगर घेतले. फौजेपुढे शरण जाताना नागरिकांनी कलमे लिहून दिली आणि ती बहुतांशी मान्य झाली. नगराचे जुने हक्क, लुथरपंथीयांची उपासना आणि त्यांचे विद्यालय कायम राहिले. कॅथेड्रल तेवढे कॅथलिकांकडे परत गेले. चार वर्षांनी याच राजाने फ्रान्समधील प्रॉटेस्टंटांचे संरक्षण काढून घेतले, पण तो हुकूम आल्सासमध्ये लागू झाला नाही. राजास निष्ठा हवी होती, भाषेची त्यास पर्वा नव्हती. म्हणूनच सुमारे नव्वद वर्षांनी, १७७० साली, तरुण गटे कायद्याच्या अभ्यासासाठी येथे आला, तेव्हा फ्रेंच राज्यातील या नगरात त्यास जर्मन वातावरण मिळाले. आणि १७९२ च्या एप्रिलात फ्रान्सचे पुढील राष्ट्रगीत रुझे द लील या सैनिकी अधिकाऱ्याने एका रात्रीत रचले, तेही याच नगरात. ते रचण्याविषयी ज्याने सुचविले तो नगराध्यक्ष दीत्रीश पुढच्याच वर्षी क्रांतीच्या गिलोटिनखाली गेला.

नगराच्या निष्ठेची खरी कसोटी मात्र १८७० नंतर लागली. त्या वर्षी प्रशियाच्या तोफांनी वेढा दिलेल्या नगरावर भडिमार केला; २४ ऑगस्टच्या रात्री ग्रंथालय जळाले आणि बाराव्या शतकातील हेराड या मठाध्यक्षेचा सचित्र ग्रंथ राख झाला. १० मे १८७१ च्या फ्रँकफुर्टच्या तहाने आल्सास जर्मनीस गेला. फ्रेंच राहू इच्छिणाऱ्यांस १ ऑक्टोबर १८७२ पर्यंत देश सोडण्याची मुभा होती. नागरिकत्व राखावयाचे तर घर सोडावे, घर राखावयाचे तर नागरिकत्व सोडावे. १९१८ मध्ये फ्रान्स परत आला. त्याने रहिवाशांस आईबापांच्या व आजोबांच्या जन्मस्थानावरून अ, ब, क, ड अशा वर्गांची ओळखपत्रे दिली, आणि पुष्कळ जर्मन कुटुंबांस ऱ्हाइनपलीकडे घालविले. १९४० मध्ये हिटलरच्या राज्याने प्रांत गिळला. २३ नोव्हेंबर १९४४ रोजी जनरल लक्लेर्क याच्या फौजेने नगर मुक्त केले. म्हणजे १८७० पूर्वी जन्मून पंचाहत्तरी गाठलेल्या स्ट्रासबर्गकराचे राज्य चार वेळा बदलले, आणि तो आपल्या गल्लीतून एकदाही हलला नसेल.

राज्ये अशी बदलत असता कायद्याचे काय झाले, हा प्रश्न आमच्या व्यवसायामुळे आम्हांस विशेष वाटतो. १९१८ मध्ये परत आलेल्या फ्रान्सपुढे जर्मन काळातील कायद्यांचा ढीग पडला होता. पैकी कित्येक फ्रेंच कायद्यांहून लोकांस अधिक सोयीचे होते. बिस्मार्कच्या काळापासूनचा आजाराचा विमा होता. जमिनीच्या हक्कांची न्यायालयाच्या देखरेखीखालील नोंदवही होती. १ जून १९२४ च्या दोन कायद्यांनी फ्रेंच दिवाणी व व्यापारी कायदा येथे आणला, पण स्थानिक कायद्याचा मोठा भाग राखूनच. ही सवलत प्रथम दहा वर्षांपुरती होती. मुदतवाढीवर मुदतवाढ घेत ती १९५१ साली बेमुदत झाली. ५ ऑगस्ट २०११ रोजी फ्रान्सच्या घटना परिषदेने त्यास घटनात्मक तत्त्वाचेच स्थान दिले : सर्वसाधारण कायदा जोवर त्याची जागा घेत नाही, तोवर स्थानिक कायदा चालू शकतो, बदल करता येईल, परंतु त्याने वेगळेपण वाढता कामा नये.

याहून मौजेची गोष्ट धर्मखात्याची. फ्रान्सने १९०५ साली धर्म आणि राज्य यांची फारकत केली. त्या वेळी आल्सास जर्मनीत असल्यामुळे तेथे नेपोलियनचा १८०१ चा पोपशी झालेला करारच चालू राहिला, आणि तो आजही चालू आहे. धर्मनिरपेक्षतेचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या प्रजासत्ताकाचा राष्ट्राध्यक्ष स्ट्रासबर्गच्या बिशपची नेमणूक करतो, आणि कॅथलिक, लुथरपंथी, कॅल्व्हिनपंथी व यहुदी धर्मगुरूंस सरकारी तिजोरीतून पगार मिळतो. १९२४ साली पंतप्रधान एरियो यांनी हे सारे मोडण्याचा मनोदय जाहीर केला. प्रांत खवळला आणि तो बेत सोडावा लागला. फ्रान्सने टाकलेला फ्रेंच कायदा जर्मनांनी जपला, आणि तो परत मिळाल्यावर फ्रान्सला मोडवेना!

गोमंतकीय वाचकांस येथे घरचे काही आठवल्यावाचून राहणार नाही. पोर्तुगालचा १८६७ चा दिवाणी कायदा खुद्द पोर्तुगालने १९६६ च्या नव्या संहितेने मोडीत काढला. गोव्यात मात्र, मुक्तीनंतर संसदेने केलेल्या १९६२ च्या कायद्याच्या आधारे, त्याचा कुटुंबविषयक भाग अद्याप लागू आहे. नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरण्याची रीत आपण अजून पाळतो. हा कायदा परका नव्हे, संसदेने स्वीकारल्यामुळे तो भारतीयच झाला, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. परक्या राज्याने ठेवलेली वस्तू उपयोगाची असेल तर नव्या राज्याने ती आपली म्हणावी, हा शहाणपणा मांडवीच्या काठी आणि ऱ्हाइनच्या काठी सारखाच दिसतो.

परंतु जो शहाणपणा कायद्याच्या वाट्यास आला, तो माणसांच्या आणि भाषेच्या वाट्यास आला नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझी अधिकाऱ्यांनी आल्सासच्या तरुणांस जर्मन सैन्यात सक्तीने भरती करण्याचा हुकूम काढला. एक लाखाच्या आसपास तरुण ओढले गेले. जो पळे, त्याच्या कुटुंबास शिक्षा होई. त्यांस फ्रेंचमध्ये जे नाव पडले, त्याचा अर्थ 'आमच्या मनाविरुद्ध' असा आहे. १० जून १९४४ रोजी ओरादूर या गावी एसएस दलाने सहाशेंहून अधिक माणसे मारली. १९५३ साली बोर्दो येथे सैनिकी न्यायालयापुढे जे एकवीस आरोपी उभे राहिले, त्यांत चौदा आल्सासी होते, आणि त्या चौदांपैकी तेरा सक्तीने भरती झालेले. दोषी ठरले, आल्सास पेटला, काही दिवसांतच संसदेने त्या तेरांस माफी देणारा कायदा केला, आणि मग ओरादूरचा प्रांत पेटला. सक्ती हा बचाव कोठवर चालतो आणि मृतांच्या आप्तांस काय उत्तर द्यावयाचे, हे दोन्ही प्रश्न खरे होते. एकाचे उत्तर दिले की दुसऱ्यावर अन्याय होत होता.

नगरातील रिपब्लिक चौकात १९३६ साली उभारलेले एक स्मारक आहे. एक माता बसली आहे आणि तिच्या मांडीपाशी दोन मुलगे मरणाच्या दारी आहेत. दोघांच्याही अंगावर गणवेश नाही, कारण पहिल्या महायुद्धात एक जर्मनीकडून लढला असेल, दुसरा फ्रान्सकडून. खाली फक्त 'आमच्या मृतांस' एवढेच कोरले आहे. इतर फ्रेंच गावांतील स्मारकांवर जे 'पितृभूमीसाठी' हे शब्द सर्रास असतात, ते येथे नाहीत. कोणत्या पितृभूमीसाठी, हे त्या मातेस कोण सांगणार?

१९४५ नंतर शिक्षा झाली ती बोलीस. आल्सासी ही जर्मन कुळातील बोली. म्हणून ती शत्रूची भाषा ठरली. प्राथमिक शाळांतून जर्मन काढून टाकण्यात आली. फ्रेंच बोलणे हेच ऐटीचे, अशा अर्थाची भित्तिपत्रके लागली. कायदे मात्र कोणी शत्रूचे म्हणून हाकलले नाहीत; विमा जर्मन असला तरी औषधाचे पैसे देत होता! शाळेत पोरांची लाज काढली गेली, आणि पुढे त्याच पोरांनी आईबाप झाल्यावर घरी फ्रेंच धरली. १९८२ मध्ये शिक्षणखात्याने या बोलीचे आणि जर्मनचे स्थान मान्य केले, १९९० नंतर द्विभाषी शाळा निघाल्या, पाट्या लागल्या. पण तोवर आजीची भाषा नातवास परकी झाली होती. दैवाचा उपहास असा की प्रादेशिक व अल्पसंख्य भाषांच्या रक्षणाचा युरोपीय करारनामा १९९२ साली याच नगरात, युरोप परिषदेच्या दारी, सहीसाठी ठेवला गेला. फ्रान्सने १९९९ मध्ये त्यावर सही केली. परंतु त्याच वर्षी घटना परिषदेने तो घटनेशी विसंगत ठरविला आणि फ्रान्सने त्यास अंतिम मान्यता दिलेली नाही.

असे का घडावे? आमच्या मते कारण साधे आहे. कायद्यास दप्तर पुरते. एक नोंदवही, एक न्यायाधीश, एखादा जागरूक वकील असला की शंभर वर्षांपूर्वीचे कलम आजही श्वास घेते. भाषेचे तसे नाही. एक पिढी गप्प बसली की ती गेली. मग तिला घटनेतील कलम परत आणू शकत नाही आणि पाटी तर नाहीच. पाटी ही पुष्कळदा जिवंत भाषेचा मान नसून गेलेल्या भाषेची समाधी असते.

मराठी आणि कोंकणी या दोन भाषा ज्यांच्या ओठी आहेत, त्या आपण या नगरापासून एवढे अवश्य घ्यावे. कोणती भाषा आधीची, कोणती कोणाच्या पोटची, या वादात आपली बुद्धी पुष्कळ खर्च झाली आहे. १९८७ च्या गोव्याच्या राजभाषा कायद्यानंतरही तो वाद मिटला नाही. सीमाभागात तर या वादास कन्नडचीही जोड आहे. वादास आमची हरकत नाही. आमचे पोट वादावरच चालते. परंतु बाराशे वर्षांपूर्वी स्ट्रासबर्गच्या मैदानात दोन राजे उभे राहिले आणि प्रत्येकाने शेजाऱ्याच्या बोलीत वचन उच्चारले, तेव्हा कोणाचे राज्य लहान झाले नाही. मराठीच्या अभिमान्याने कोंकणीत चार वाक्ये शिकावीत, कोंकणीच्या अभिमान्याने मराठीत चार ओळी लिहाव्यात, आणि दोघांनीही आपापल्या घरी लेकरांशी आपापली भाषा बोलावी. यास कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.