गरम झरे व धबधब्यांची भटकंती (नवी मुंबई परिसर)

नवी मुंबई, पनवेल व खोपोलीच्या आसपासच्या डोंगरांत धबधब्यापर्यंत पायी जाणे आणि जवळच्या गरम पाण्याच्या कुंडात स्नान करणे, अशी दुहेरी भटकंती. हिमालयात मणिकरण-खीरगंगा भागात पायवाट उष्ण कुंडाशीच संपते. इथे तसे नाही. धबधबे डोंगरकड्यांवर आहेत, तर कुंडे नदीकाठच्या सपाटीवर, बहुधा देवळाला लागून आहेत. त्यामुळे अर्धा दिवस चालणे आणि उरलेले अंतर एसटीने किंवा गाडीने कापणे, हेच या भटकंतीचे खरे रूप होय.

भूरचना : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांपासून बनलेल्या बेसाल्टचे थर सह्याद्रीच्या माथ्यावर जवळजवळ आडवे आहेत, किनाऱ्याकडे येताना ते पश्चिमेला कलतात. या वाकाला भूशास्त्रात पनवेलचेच नाव आहे : पनवेल फ्लेक्शर. घाटाच्या ताठ कड्यांवरून पावसाचे पाणी कोसळते, ते धबधबे. त्याच पावसाचा थोडा भाग भेगांतून खोल मुरतो. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने तापमान वाढत असल्याने हे पाणी तापते आणि दुसऱ्या एखाद्या भेगेने वर येते. कुंडाखाली जागृत ज्वालामुखी आहे, हा समज पुष्कळ ऐकू येतो, पण तो चुकीचा आहे. इथला ज्वालामुखी केव्हाच थंडावला. पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून दक्षिणेस रत्नागिरी जिल्ह्यापर्यंत, सह्याद्रीला समांतर अशा पट्ट्यात हे झरे विखुरलेले आहेत. खेडजवळच्या उन्हवरे येथील पाणी सुमारे ७० अंशांपर्यंत तापलेले असते. नवी मुंबईकरांच्या आवाक्यातले झरे त्या मानाने सौम्य.

धबधबे : खारघरचा पांडवकडा (सुमारे १०७ मी.) शहराला सर्वांत जवळचा. वनवासात पांडवांनी इथे स्नान केले, अशी कथा नावामागे सांगतात. लोकलमधून उतरून गाठता येणारा एवढा उंच धबधबा, हेच त्याचे दुर्दैव ठरले आहे. वर डोंगरात जोराची सर आली की खाली ऊन असतानाही ओढा फुगतो आणि परतीची वाट तुटते. ऑगस्ट २०१९ मध्ये चार महाविद्यालयीन विद्यार्थिनी येथे वाहून गेल्या. पावसाळ्यात वनखाते व पोलीस येथे प्रवेशबंदी लावतात. चोरवाटेने जाणारे तरीही असतात. पण बंदी असलेल्या काळात पांडवकडा शहरातूनच पाहावा. तिथूनही तो देखणाच दिसतो. पनवेलजवळचा आदई आणि खोपोलीचा झेनिथ हे इतर परिचित धबधबे. त्यांनाही हाच धोका लागू आहे आणि वेळोवेळी बंदीही.

कुंडे : उत्तरेकडे, ठाणे-भिवंडी-अंबाडीमार्गे, तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी ही कुंडस्थाने लागून-लागून आहेत. वज्रेश्वरीचे देऊळ चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर (१७३९) नवस फेडण्यासाठी बांधविले, असे सांगतात. देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्ताने पाणी ऊन झाले, अशी तिथली लोककथा आहे. अकलोलीला सूर्यकुंडासह अनेक कुंडे असून सर्वांचे तापमान सारखे नसते. आधी हात बुडवून बघावा, मग पाय. पावसाळ्यात तानसेला पूर आला की नदीपात्रातील झरे पुराखाली जातात.

दक्षिणेकडे पालीजवळचे उन्हेरे (सुधागड तालुका, रायगड जिल्हा) हे या भटकंतीसाठी त्याहून सोयीचे, कारण डोंगर जवळ आहेत. पालीत अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वर, डोक्यावर सरसगड, आणि पूर्वेला सुधागड. पाच्छापूर-ठाकूरवाडी वाटेने सुधागड चढून उतरलेला माणूस संध्याकाळी उन्हेऱ्याच्या कुंडात पाय सोडून बसतो, ही रायगडातल्या जुन्या भटक्यांची आवडती सांगता. याच डोंगररांगेत ठाणाळे व खडसांबळे येथील बौद्ध लेणी आहेत. पावसाळ्यात कड्यांवरून येणाऱ्या धारांना बहुधा स्वतंत्र नावेही नाहीत. नवी मुंबईहून पालीला खोपोलीमार्गे किंवा पेण-वाकण फाट्यामार्गे जाता येते.

हंगाम व शिरस्ता : जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे भरात, पण वाटा निसरड्या आणि नद्या बेभरवशाच्या. डिसेंबरात कुंडाची ऊब हवीशी, पण कड्यावर पाण्याची रेघही उरत नाही. दोन्ही एकाच दिवशी पदरात पाडायचे तर सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा आरंभ एवढाच काळ हाती राहतो. ओढा ओलांडताना पाणी गढूळ होऊ लागले किंवा काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, तर मागे फिरावे. वर पाऊस झाल्याची ती खूण असते. वाटाड्या म्हणून पायथ्याच्या ठाकूर वा कातकरी वाडीतला माणूस घेणे केव्हाही चांगले. कुंडांत साबण व शाम्पू वापरू नये. त्वचारोग बरे होतात या श्रद्धेने तिथे येणारे आजही पुष्कळ आहेत, म्हणून उघडी जखम असताना सामाईक कुंडात उतरणे टाळावे. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असल्यास कुंडात फार वेळ बसू नये, आणि दमछाक करणाऱ्या उतरणीनंतर लगेच तर नाहीच.